अर्ज जातात, कॉल येत नाही: एआयकडून रेझ्युमे लिहून घेऊनही गाडी अडते कुठे?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत कानावर येते: "चॅटजीपीटीकडून रेझ्युमे नव्याने लिहून घेतला, टेम्पलेट बदललं, भारी शब्द घातले, तरी एकही कॉल नाही." त्यावर उपाय म्हणून रेझ्युमे पुन्हा एकदा लिहून घेतला जातो. महिना-दीड महिन्याने तक्रारही तीच असते आणि उपायही तोच.

असं पुन्हा पुन्हा होतं, कारण बिघाड कुठे आहे हे न बघता दरवेळी एकच भाग बदलला जातो. रेझ्युमेच्या आधीही माणूस अडकू शकतो आणि नंतरही. शिवाय दोष रेझ्युमेतच असला, तरी तो सहसा शब्दांचा नसतो. लिहायला बसण्याआधी स्वतःच्या कामाचा जो कच्चा माल गोळा करायला हवा, तो केलेलाच नसतो. चॅटबॉट तो माल कुठून आणणार? मग रिकामी जागा तो गुळगुळीत वाक्यांनी भरून देतो. रेझ्युमे बघायला कुणी दिला की मी ज्या क्रमाने तपासते, तोच क्रम इथे देते आहे.

आधी अडकलंय कुठे ते बघा

एक साधी शीट उघडा. अर्जाची तारीख, पद, जाहिरात कुठे दिसली, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, ओळखीतून गेला की थेट पोर्टलवर, आणि शेवटचं उत्तर काय आलं, एवढे रकाने पुरेत. मागचे वीस-पंचवीस अर्ज ईमेलमधून शोधून भरा. काम कंटाळवाणं आहे, पण याशिवाय पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

शीट भरली की चित्र दिसू लागतं. अर्ज केल्यावर काही मिनिटांत किंवा भल्या पहाटे नकार येत असेल, तर तो बहुधा कुठल्या माणसाने दिलेला नसतो. काहीच उत्तर येत नसेल, तर फाइल किंवा मजकूर तपासायचा. रिक्रूटरचा फोन येतो पण पुढची फेरी होत नाही, याचा अर्थ रेझ्युमेने आपलं काम केलं आहे. पहिल्या-दुसऱ्या मुलाखतीत गाडी अडत असेल, तर कृपा करून रेझ्युमेला हात लावू नका. चालू असलेला भाग खोलून बसण्यात वेळ जातो आणि उमेद खचते.

झटपट नकार येतोय

पोर्टलवर अर्ज भरताना काही प्रश्न विचारतात: अमुक प्रमाणपत्र आहे का, अमुक सॉफ्टवेअरवर किती वर्षं काम केलं, नोटीस पीरियड किती, दुसऱ्या शहरात जायची तयारी आहे का. कंपनीने तशी सोय केलेली असेल, तर यातल्या एका उत्तरावरच अर्ज आपोआप बाद होतो. रेझ्युमे कुणी उघडलेलाही नसतो.

इथे एआय थेट घात करू शकतं. तुमच्या वतीने धडाधड अर्ज भरणारी ऑटो-अप्लाय साधनं या प्रश्नांची उत्तरं जतन केलेल्या माहितीवरून किंवा अंदाजाने भरतात. रेझ्युमेत त्या सॉफ्टवेअरचं नाव वेगळ्या प्रकारे लिहिलं असेल, तर अनुभवाच्या जागी शून्य जाऊ शकतं. एकाच कंपनीतल्या एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक पदांना तुमचाच अर्ज गेलेला दिसला, की तिथला रिक्रूटर तुम्हाला गंभीरपणे घेत नाही. ही साधनं बंद करा. अर्ज कमी जातील, चालेल. त्या चार प्रश्नांची उत्तरं मात्र स्वतः वाचून, खरी आणि नेमकी भरा.

काहीच उत्तर नाही: मजकुराआधी फाइल

मोठ्या कंपन्या अर्ज एटीएस नावाच्या प्रणालीत गोळा करतात. तुमच्या फाइलमधला मजकूर काढून नाव, फोन, पदं, तारखा, कौशल्यं अशा खणांत भरायचा आणि रिक्रूटरला त्यात शोध घेता यावा, हे तिचं मुख्य काम. मजकूर नीट निघालाच नाही, तर तुम्ही शोधात सापडत नाही.

याची चाचणी घरबसल्या, फुकट होते. रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. प्रणालीच्या हाती साधारण असाच मजकूर लागतो. दोन कॉलमचं देखणं टेम्पलेट असेल, तर डावीकडच्या कौशल्यांच्या ओळी उजवीकडच्या अनुभवात घुसलेल्या दिसतील. कौशल्यापुढे काढलेले तारे आणि पट्ट्या गायब असतील. पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर काही प्रणाली वाचतच नाहीत, म्हणून तो मुख्य मजकुरात आणा. डिझाइनच्या साधनातून चित्र म्हणून उतरवलेली पीडीएफ असेल, तर नोटपॅड कोरंच राहील. एक बारीक दोष सहज निसटतो: काही फॉन्ट इंग्रजीतली एफ आणि आय ही अक्षरं जोडून एकच खूण छापतात आणि कॉपी करताना ती खूण गळते. मग 'सर्टिफाइड' या इंग्रजी शब्दाच्या मध्ये भोक पडतं आणि तो शब्द शोधणाऱ्याला तुमचं प्रमाणपत्र सापडत नाही. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर पेस्ट केल्यावर नुसती चिन्हं दिसतात. तो युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा लागेल.

उपाय साधा आहे. एकच कॉलम, सरळ शीर्षकं, सर्वत्र असणारा फॉन्ट, तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने. आणि जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मजकूर बाहेर काढला की ती अक्षरं रिक्रूटरला दिसतात आणि फसवण्याचा प्रयत्न उघड होतो.

फाइल ठीक आहे, तर मजकूर

बहुतेकांचा खरा दोष इथे असतो, म्हणून इथे थोडं थांबू.

चॅटबॉट ज्या भाषा-मॉडेलवर चालतो, ते आतापर्यंतच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे हे ठरवत मजकूर रचतं. त्याला फक्त "स्टोअर्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी चांगला रेझ्युमे लिही" एवढंच सांगितलं, तर त्या पदाचा सर्वांत सर्वसाधारण रेझ्युमे हाती येणार. त्याच पदासाठी दुसऱ्या कुणी तीच सूचना दिली, तर त्यालाही जवळपास तेच मिळणार. 'निष्ठावान', 'परिणामाभिमुख', 'कार्यक्षमतेत लक्षणीय वाढ' अशा ओळी एका बैठकीत ढिगाने वाचणाऱ्या माणसाला त्यातलं कुणीच आठवत नाही.

म्हणून चॅटबॉट उघडायच्या आधी कागद घ्या आणि मराठीत लिहा. इंग्रजीत लिहायला बसलं की आपण लगेच ठरावीक शब्दांच्या मागे जातो. आपल्या भाषेत लिहिताना काम जसं झालं तसं आठवतं. या कामावर आलो तेव्हा काय विस्कळीत होतं? लोक कोणत्या अडचणीसाठी मलाच शोधत यायचे? मी रजेवर असताना काय अडायचं? कोणतं काम मी सुरू केलं, कोणतं निरर्थक काम बंद पाडलं? जुने ईमेल, अप्रेझलचे फॉर्म, महिन्याचे रिपोर्ट चाळा. आकडे तिथे असतात, आठवणीत नसतात. नोकरी सोडण्याआधीच हे टिपून ठेवलेलं बरं, कारण ऑफिसचा ईमेल बंद झाला की हा दरवाजा बंद होतो. मात्र टिपायचं ते आपल्या कामाबद्दल. कंपनीच्या फाइली उचलून आणायच्या नाहीत.

ही टिपणं चॅटबॉटला द्या आणि त्याला लिहायला लावण्याऐवजी विचारायला लावा. सूचना अशी देता येईल:

"खाली माझ्या कामाची टिपणं आहेत. रेझ्युमे अजून लिहू नकोस. मला एका वेळी एकच प्रश्न विचार. मी मोघम उत्तर दिलं तर तिथेच अडव आणि नेमकं काय केलं ते विचार. माझ्या टिपणांत नसलेला एकही आकडा, साधन किंवा जबाबदारी स्वतःहून घालू नकोस."

फरक कसा पडतो ते एका ओळीवर बघू. समजा, कुणी गोदामातल्या साठ्याचं काम बघत होतं. चॅटबॉटने थेट लिहिलेली ओळ अशी येते: "साठा व्यवस्थापनात अभिनव पद्धती राबवून अचूकतेत 30 टक्के वाढ साधली." हा 30 टक्के कुठून आला? कुठूनच नाही. अशा ओळींत असा आकडा नेहमी असतो, म्हणून तो आला. आता प्रश्नांचा मार्ग घेऊ. मोजणी कशी व्हायची? महिन्याच्या शेवटी दोन दिवस माल पाठवणं बंद ठेवून सगळं गोदाम मोजायचे. मग काय बदललं? रोज सकाळी थोडे रॅक मोजायला सुरुवात केली, ज्याला सायकल काउंट म्हणतात. त्यानंतर? महिन्याअखेरचा बंद लागेनासा झाला. ओळ तयार झाली: "रॅकनिहाय रोजचा सायकल काउंट सुरू केला; त्यामुळे महिन्याअखेरी मोजणीसाठी दोन दिवस डिस्पॅच थांबवावा लागत असे, ते बंद झालं." हिच्यात एकही टक्का नाही, पण हे वाचून गोदाम सांभाळलेला कुणीही मान वर करून बघेल आणि मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच विचारेल. त्या प्रश्नावर बोलायला तुमच्याकडे भरपूर असेल, कारण ते तुम्ही केलेलं आहे.

रेझ्युमे तयार झाला की प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारा: यावर मला तीन मिनिटं बोलता येईल का? नाही आलं, तर ती ओळ काढा. एआय आत्मविश्वासाने खोटं रचू शकतं, याचा फटका शिकल्या-सवरल्यांनाही बसला आहे. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या 'मॅटा विरुद्ध एव्हियान्का' खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना 5,000 डॉलर दंड झाला. तुमच्या रेझ्युमेतल्या खोट्या ओळीची किंमत त्याहून शांतपणे वसूल होते. मुलाखत घेणारा काही बोलत नाही, पुढचा उमेदवार बोलावतो.

जाहिरातीशी रेझ्युमे ताडून बघायला मात्र चॅटबॉट खरोखर उपयोगी आहे. जाहिरात आणि रेझ्युमे दोन्ही देऊन विचारा की जाहिरातीत काय मागितलं आहे, त्यातल्या कशाचा पुरावा माझ्या मजकुरात दिसतो आणि कशाचा नाही. जे तुम्ही केलं आहे पण लिहायचं राहिलं, ते वाढवा. जाहिरातीत त्या कामासाठी जो शब्द वापरला आहे तोच वापरा, कारण शोध त्याच शब्दाने घेतला जाईल. जे केलेलंच नाही ते सोडून द्या. अशी उणीव तीन-चार जाहिरातींत सारखी दिसली, तर ती शिकायची गोष्ट आहे. महिनाभर अर्ज थोडे कमी करून ती शिकण्यात वेळ घालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

फोन येतो, पुढची फेरी नाही

इथे बहुतेक वेळा पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड किंवा "आधीची नोकरी का सोडली" या तीनपैकी एका ठिकाणी ठेच लागते. पगाराचा आकडा चॅटबॉटला विचारून ठरवू नका. त्याचा अंदाज जुना किंवा भलत्याच ठिकाणचा असू शकतो. तेच काम करणाऱ्या दोन-तीन जणांना विचारा. नोकरी सोडल्याचं कारण दोन वाक्यांत, खरं आणि कुणाची निंदा न करता सांगायचा सराव मोठ्याने करा.

मुलाखतीत अडतंय

सरावासाठी चॅटबॉट चांगला सोबती आहे, पण त्याला खोड आहे: तो कौतुक करतो. 2025 च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला जीपीटी-4ओ या मॉडेलचं एक अपडेट काही दिवसांत मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्याच्या होला हो मिळवत सुटलं होतं. टोकाचा प्रकार निस्तरला गेला, पण कल अजून दिसतो. म्हणून "माझं उत्तर कसं वाटलं?" असं विचारू नका. विचारा, "हे उत्तर ऐकून अनुभवी मॅनेजरच्या मनात कोणती शंका येईल? ती शंका मनात ठेवून पुढचे तीन उलटप्रश्न एकेक करून विचार." पहिल्या उत्तरावर सहसा कुणी गडबडत नाही, दुसऱ्या उलटप्रश्नाला पाय घसरतो. सराव तिथला हवा.

उत्तरं टाइप करू नका, बोला. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. कोणती परिस्थिती होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, काय झालं, हा क्रम धरला तर उत्तर भरकटत नाही. 'आम्ही केलं' हे शब्द जिथे जिथे येतात, तिथे तुमचा वाटा कोणता ते वेगळं सांगता आलं पाहिजे. चॅटबॉटने लिहिलेलं उत्तर पाठ करण्याचा मोह अनेकांना होतो. पाठ केलेलं उत्तर मध्येच तोडलं की उमेदवार पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो आणि समोरच्याला ते लगेच कळतं. ऑनलाइन मुलाखत चालू असताना बाजूच्या खिडकीत एआयकडून उत्तर घेऊन वाचणं तर करूच नका. उत्तराआधीचा तो एकसारखा थांबा आणि स्क्रीनवर सरकणारे डोळे दिसतात. आणि समजा जमलंच, तर ज्या कामाच्या प्रश्नांना उत्तर देता आलं नाही, ते काम तुम्हाला रोज करावं लागेल.

कंपनीची माहिती चॅटबॉटकडून जरूर घ्या, पण ती कंपनीच्या संकेतस्थळावर, वार्षिक अहवालात आणि ताज्या बातम्यांत पडताळा. मॉडेलची माहिती एका तारखेपर्यंतची असते. बंद झालेल्या विभागाबद्दल उत्साहाने बोलणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला तयारी न केलेलाच वाटतो.

सगळं ठीक आहे, तरी शांतता

मग दोष बहुधा वाटेचा आहे. फक्त पोर्टलवर अवलंबून राहिलं की तुम्ही पूर्णपणे गाळणीच्या हवाली असता, आणि गाळणी निःपक्षपाती असतेच असं नाही. अॅमेझॉनने उमेदवार निवडण्यासाठी तयार केलेलं एक एआय साधन जुन्या रेझ्युमेंवरून शिकलं आणि 'महिलांचा' असा शब्द असलेल्या रेझ्युमेंना कमी गुण देऊ लागलं. ते साधन कंपनीने गुंडाळलं, ही बातमी रॉयटर्सने 2018 मध्ये दिली होती.

म्हणून माणसांकडे वळा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये 'वीक टाइज' ची, म्हणजे तोंडओळखीची ताकद दाखवून दिली. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. लिंक्डइनच्या सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. त्यांतही नोकरी बदलायला अगदी घट्ट नात्यांपेक्षा मध्यम तोंडओळख जास्त उपयोगी पडलेली दिसली. म्हणजे जुना सहकारी, कॉलेजमधला सीनियर, एका प्रोजेक्टपुरती भेटलेली बाई.

त्यांना पाठवायचा निरोप एआयकडून लिहून घेऊ नका. चार ओळी लागतात आणि त्या तुमच्याच हव्यात: "नमस्कार मॅडम, आपण गोदामाच्या सॉफ्टवेअर बदलाच्या वेळी एकत्र काम केलं होतं. तुमच्या कंपनीत इन्व्हेंटरी प्लॅनरची जागा निघालेली दिसली. त्या टीममध्ये नेमकं काय काम असतं, यावर दहा मिनिटं बोलता येईल का? तुमच्या सोयीने फोन करते." नोकरी मागितलेली नाही, माहिती विचारली आहे, आणि हो म्हणायला सोपं आहे. त्या दहा मिनिटांत जाहिरातीत नसलेलं बरंच कळतं. बोलणं चांगलं झालं, तर रेफरलचं, म्हणजे कंपनीत तुमचं नाव पुढे करण्याचं, त्या स्वतःच सुचवतात.

चॅटबॉटला काय द्यायचं नाही

पत्ता, जन्मतारीख, ओळखपत्रांचे क्रमांक काढून मगच रेझ्युमे पेस्ट करा. सध्याच्या कंपनीच्या ग्राहकांची नावं, न जाहीर झालेले आकडे, कोड यांतलं काहीही टाकू नका. 'एक मोठा ग्राहक' असं लिहून काम भागतं. तुमचा मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू द्यायचा की नाही, याची निवड बऱ्याच चॅटबॉटच्या सेटिंगमध्ये असते. ती एकदा बघून घ्या. कंपनीने घरी करायला काम दिलं, तर एआय वापरलेलं चालेल का ते आधी ईमेलवर विचारा.

आणि बोगस ऑफर. पूर्वी त्यातल्या भाषेच्या चुकांवरून संशय यायचा. आता ती पत्रंही एआय लिहितं, त्यामुळे भाषा निर्दोष असते. ईमेल कंपनीच्या खऱ्या डोमेनवरून (पत्त्यातला @ नंतरचा भाग) आला आहे का ते अक्षर-अक्षर बघा. मुलाखत फक्त चॅटवर झाली असेल, ट्रेनिंग, लॅपटॉप किंवा कागदपत्रांसाठी पैसे मागितले असतील, तर तिथेच थांबा. पत्रात दिलेला नंबर सोडून कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा आणि अशी जागा खरोखर निघाली आहे का ते विचारा.